‘वीस एक’ची कैफियत

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने निगडी प्राधिकरणातील एका सभागृहात परवा झालेल्या व्याख्यानात, मराठीच्या सद्यःस्थितीवर सव्वा तास ओघवत्या आणि, मान्य केलेच पाहिजे, अत्यंत प्रासादिक वाणीने बोलणाऱ्या एका विद्वान वक्त्यांनी भाषेवर झालेल्या आघातांची जी यादी श्रोत्यांपुढे ठेवली, तिच्यात इंग्रजी शाळा, दुकानांच्या पाट्या आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकांचे उच्चार या नेहमीच्या आरोपींबरोबर एक जुना आरोपीही पुन्हा पिंजऱ्यात उभा केला गेला: इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली आलेले ‘वीस एक, वीस दोन’ हे संख्यावाचन. ज्या मुलाला एकवीस म्हणता येत नाही त्याला मराठी काय येणार, आणि आम्ही सारे एकवीस-बावीस घोकूनच शिकलो, आमचे काय बिघडले, हा त्यांचा प्रश्न टाळ्यांच्या कडकडाटात बुडून गेला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. व्याख्यानास बसले की हात आपोआप चालतात. परंतु जुना मुंबई-पुणे महामार्ग ओलांडून यमुनानगरातल्या घरी पोहोचेपर्यंत त्या टाळ्यांची मला लाज वाटू लागली होती, आणि ज्याची लाज वाटते त्याचा जाहीर खुलासा करावा अशी आमच्या पिढीची रीत असल्यामुळे हा लेख.

प्रथम खटल्याची हकिगत सांगतो. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या आणि आपल्या सर्वांच्या दप्तरांतून घरोघरी पोहोचलेल्या बालभारतीने, दुसरीच्या नव्या गणितपुस्तकात दोन अंकी संख्या वाचण्याची एक अधिक रीत दिली: दशक आधी, एकक नंतर, वीस एक, तीस दोन, साठ तीन, नव्वद सात. शाळा उघडल्या, पुस्तके पालकांच्या हाती पडली आणि थोड्याच दिवसांत हे प्रकरण वृत्तपत्रांच्या रकान्यांतून विधिमंडळापर्यंत जाऊन पोहोचले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर, ज्यांनी ‘गणितगप्पा’ लिहून अनेक मुलांच्या मनातील या विषयाची धास्ती कमी केली होती, त्यांनी शांतपणे खुलासा केला की जुने वाचन रद्द झालेले नाही, दोन्ही रीती पुस्तकात आहेत, जोडाक्षरांनी भरलेले संख्यावाचक शब्द लहान मुलांना कठीण जातात, आणि दाक्षिणात्य भाषांत व इंग्रजीत दशकच आधी बोलले जाते. तो खुलासा थट्टेच्या लाटेत वाहून गेला; कुणाच्या आडनावातला ‘वीस’ आता कसा म्हणायचा, या विनोदांना अधिक गिऱ्हाईक होते. नारळीकरबाई जुलै २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या बाजूची कैफियत आता दुसऱ्या कुणीतरी रुजू केली पाहिजे, आणि ती करण्यास मी विद्वान नसलो तरी साक्षीदार म्हणून माझी जबानी नामंजूर होऊ नये.

साक्ष अशी. भोसरीतील एका कारखान्यात तपासनीस म्हणून पस्तीस वर्षे काढल्यावर निवृत्तीत वेळ जाईना, तेव्हा ओटा स्कीम या वस्तीतील आठ-दहा मुलांना संध्याकाळी गणित शिकविण्याचा उद्योग मी आरंभिला. मुले निरनिराळ्या मुलखांची. कुणाचे वडील लातूरकडून आलेले, कुणाचे ओडिशाहून येऊन चाकणच्या एका गोदामात लागलेले, तर एका मुलीचे आईवडील कलबुर्गीकडचे, सेंटरिंगच्या कामावर जाणारे. पहिल्याच आठवड्यात मी पाट्या पुढे ठेवून संख्या उच्चारल्या. ‘त्रेसष्ट’ म्हणताच आठांपैकी पाचांनी ३६ लिहिले. मला राग आला नाही, कारण ही चूक माझ्या जुन्या ओळखीची होती. कारखान्यात एकदा एका सहकाऱ्याने मायक्रोमीटरवरचे माप मोठ्याने ‘चोवीस पॉइंट त्रेसष्ट’ असे सांगितले, नोंदवहीपाशी बसलेल्या उमेदवाराने २४.३६ लिहिले, आणि अजून ग्राइंडिंगला पुरेसे मटेरियल शिल्लक असलेला चांगला शाफ्ट कमी मापाचा ठरून लाल पेटीत जाऊन पडला. दुसऱ्या पाळीत कुणीतरी तो पुन्हा मोजला म्हणून वाचला. त्यानंतर आमच्या विभागात कुणी फर्मान न काढता एक पद्धत पडली: माप सांगताना दशांशाच्या पुढचे अंक सुटे सांगायचे, ‘चोवीस पॉइंट सहा तीन’. त्या पद्धतीने मराठीचा अवमान झाला असे आमच्यापैकी कुणालाही, अगदी दर वर्षी पालखीबरोबर चालणाऱ्या आमच्या फोरमनलाही, वाटले नाही.

मग मी मुलांना ‘साठ तीन’ म्हणून पाहिले. कलबुर्गीची मुलगी एकदम ‘अरवत्तमूरु!’ म्हणून ओरडली आणि तिने ६३ लिहिले. साठ म्हणजे अरवत्तु, तीन म्हणजे मूरु. तिच्या घरच्या भाषेत ही संख्या ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने उच्चारतात. जी मुलगी पाच मिनिटांपूर्वी मठ्ठ ठरत होती ती पाच मिनिटांत हुशार झाली, हे तर्काला धरून नाही. बदल तिच्या बुद्धीत झाला नव्हता, तिच्या डोक्यावरच्या ओझ्यात झाला होता.

हे ओझे म्हणजे काय, याचा विचार मानसशास्त्राने पुष्कळ केलेला आहे, आणि हा विषय निगडीकरांना परका नसावा. १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढणारे आप्पा पेंडसे हे मुळात मानसशास्त्राचेच अभ्यासक, आणि त्या संस्थेची शाळा आपल्या या निगडीत उभी आहे. मनुष्याच्या स्मृतीचे एकच कोठार नसते. जन्मभर साचलेले ज्ञान ज्यात राहते ते कोठार अफाट असते. पण एखादे काम करीत असताना त्या कामापुरते जे क्षणभर हाताशी धरून ठेवावे लागते, ते जेथे ठेवतात ती जागा अगदी तुटपुंजी. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिचे जे वर्णन केले त्यावरून तिला कार्यस्मृती म्हणण्याचा प्रघात पडला. जॉर्ज मिलर यांनी १९५६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या तात्कालिक स्मृतीची मर्यादा सात, फार तर दोन अधिक-उणे, अशी सांगितली होती. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती आणखी खाली, चाराच्या आसपास आणली. कोठार आणि ओटी असा हा भेद समजावा. कोठारात खंडीभर धान्य असले तरी ओटीत मावेल तेवढेच एका वेळी जात्यापाशी नेता येते, आणि सात वर्षांच्या मुलाची ओटी तुमच्या-माझ्या ओटीहून पुष्कळच लहान असते.

आता ‘त्रेसष्ट’ हा शब्द त्या लहान ओटीत टाकून पाहा. कानावर प्रथम ‘त्रे’ येतो. हा तीन आहे हे ओळखायचे, पण तो लिहायचा नाही, धरून ठेवायचा. मग ‘सष्ट’ येतो. हा साठ आहे हे ओळखायचे, जरी कानाला तो ‘साठ’ असा ऐकू येत नसला तरी. साठाचा सहा करायचा, तो डावीकडे लिहायचा, आणि इतका वेळ बगलेत मारून ठेवलेला तीन आता बाहेर काढून उजवीकडे मांडायचा. यांतील एकही पायरी अवघड नाही. पण साऱ्या पायऱ्या एकाच श्वासात, आणि तोवर मास्तरांनी पुढची संख्या उच्चारलेली असते. मध्येच तीन हातातून निसटतो किंवा आधी ऐकला म्हणून आधी लिहिला जातो. याला निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे दोन घागरी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या पोरीच्या हातात तिसरी देऊन ती फुटल्यावर तिला धांदरट म्हणण्यासारखे आहे.

क्रमाची ही उलटापालट इतर भाषांतही आहे. मराठीने (आणि तिच्या उत्तर भारतीय भगिनींनी) तिच्यात आणखी एक भर घातलेली आहे. ‘दोन’ हा आपला साधा शब्द. पण बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या साऱ्या मालिकेत ‘दोन’ एकदाही येत नाही. कधी बा, कधी ब, कधी बे, कधी ब्या. सहाची गत तर बहुरूप्याची: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. दशकेही वेष पालटतात. सत्तराचा ‘हत्तर’ होतो, पन्नासाचा कधी ‘वन्न’ तर कधी ‘पन्न’. एकोणतीस ऐकल्यावर मुलाने तिसाचा तीन लिहावा तर चूक, कारण तो शब्द तिसाला एक उणा असे सांगतो आणि संख्या विसाच्या घरातली निघते; बरे, हा नियम मानून नव्याण्णवाला ‘एकोणशंभर’ म्हणावे तर तेही चालत नाही. ही सारी रूपे संस्कृत-प्राकृतातून झिजत झिजत आलेली आहेत. द्वाविंशतीचा बावीस कसा झाला हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठ्या आनंदाने सांगता येईल, आणि तो आनंद मलाही आहे. परंतु नदीतल्या गोट्याचा गुळगुळीतपणा ज्याला कौतुकाचा वाटतो त्याने त्यावरून पहिल्यांदाच चालणाऱ्या मुलाला घसरू नकोस असे बजावून भागत नाही. इंग्रज मुलाला शंभरापर्यंत मोजण्यास अठ्ठावीस शब्द पुरतात. आपल्या मुलाला जवळजवळ शंभर शब्द पाठ करावे लागतात.

यावर परंपरेचा आधार घेऊन कुणी ‘अङ्कानां वामतो गतिः’ हे वचन पुढे करील. ते वचन खरे, आणि श्लोकांत शब्दांनी संख्या गुंफणाऱ्या ज्योतिषांच्या सोयीचेही. पण मराठी स्वतः ते पाळते काय? ‘दोन हजार तीनशे सत्तेचाळीस’ म्हणताना आपण हजार आधी सांगतो, शतक त्यानंतर, आणि शेवटच्या जोडीपाशी आल्यावर मात्र अचानक उलटे फिरून सात आधी व चार नंतर म्हणतो. कान २-३-७-४ ऐकतो, हाताने २-३-४-७ लिहायचे. डावीकडून निघालेला प्रवासी मुक्कामाच्या दारात येऊन मागच्या दाराने घरात शिरावा, तसा हा प्रकार आहे. वीस एकच्या रीतीने एवढेच सुचविले की शेवटचे पाऊलही सरळ टाकून पाहू.

‘आमचे काय बिघडले?’ या प्रश्नाकडे आता वळतो, कारण टाळ्या त्याला पडल्या. त्याचे पहिले उत्तर असे की ज्यांचे बिघडले ते त्या सभागृहात नव्हते. ज्यांना त्रेसष्ट आणि छत्तीस यांच्या गोंधळात दुसरी-तिसरीतच गणिताची धडकी भरली आणि ज्यांनी मग शाळेकडे पाठ फिरविली, ते माझ्या माहितीतले लोक त्या वेळी दुसऱ्या पाळीला पेट्या मोजत होते, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी, कारण त्या रीतीत शब्दांची गरज पडत नाही. शर्यत पूर्ण करणाऱ्यांची साक्ष घेऊन रस्ता उत्तम असल्याचा दाखला देणे हा कुठला न्याय? दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे आणि ते वक्त्यांच्या, तसेच माझ्याही, अहंकाराला लागणारे आहे. तुम्हा-आम्हाला त्रेसष्ट सोपा वाटतो, कारण आपण तो आता उलगडतच नाही. साठ वर्षांच्या वापराने तो अखंड एका गठ्ठ्यासारखा कोठारातून बाहेर येतो आणि ओटीत एवढीशी जागा घेतो. ज्याला एखादी विद्या अंगवळणी पडली त्याला ती शिकतानाचे कष्ट आठवेनासे होतात, हा शिकविणाऱ्याचा सनातन दोष आहे. मायक्रोमीटर हातात दिल्याबरोबर उमेदवाराला तो वाचता येत नाही याचा पहिल्या वर्षी मलाही अचंबा वाटत असे.

हे सारे तुमच्या कल्पनेचे खेळ, पुरावा काय, असे कुणी म्हणेल. पुरावा आहे. केव्हिन मिलर आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी १९९५ साली शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या चिनी व अमेरिकन मुलांची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोघांत फरक नव्हता. तो दहाच्या पुढे पडू लागला, जेथे चिनी मूल ‘दहा एक, दहा दोन’ असे सरळ म्हणते आणि इंग्रजीत ‘इलेव्हन, ट्वेल्व्ह’ ही स्वतंत्र नावे सुरू होतात. यावर हरकत घेता येते, आणि ती रास्त आहे, की चिनी आईबाप मुलांकडून अभ्यासही अधिक करवून घेत असतील. म्हणून वेल्सचा दाखला अधिक मोलाचा. तेथे एकाच देशात, एकाच अभ्यासक्रमाखाली, काही मुले वेल्श भाषेत शिकतात, जिच्या शालेय रीतीत एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’, आणि काही इंग्रजीत. ॲन डाउकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत असे दिसले की एकंदर अंकगणितात दोन्ही गट सारखेच होते, मात्र दोन अंकी संख्या वाचणे आणि त्यांतील लहान-मोठी ओळखणे यांत वेल्श मुले सरस ठरली. मी हा निष्कर्ष मुद्दाम दोन्ही अंगांनी सांगितला. वीस एक म्हटल्याने मुले भास्कराचार्य होतील असा दावा जे करतील ते माझ्या पक्षाचे नव्हेत. फायदा नेमक्या त्या एका पायरीवर आहे, आणि माझी पाच मुले नेमकी त्याच पायरीवर घसरली होती.

त्याहून निर्णायक साक्ष चेक भाषेची. जर्मनसारख्या भाषांत आपल्याप्रमाणेच एकक आधी बोलतात, आणि ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातील जवळजवळ निम्म्या चुका याच उलटापालटीच्या निघाल्या, हे २००९ साली नोंदले गेले. पण चेक भाषेत दोन्ही रीती एकत्र नांदतात: ‘वीस पाच’ही म्हणतात आणि ‘पाच-आणि-वीस’ही. तेव्हा मूल तेच, मास्तर तेच, आईबाप तेच. बदलला तो फक्त शब्दांचा क्रम. आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच मुलांनी उलट्या रीतीने सांगितलेल्या संख्या लिहिताना अधिक चुका केल्या. संस्कृतीवर, आईबापांवर किंवा मुलांच्या बुद्धीवर बोट ठेवण्यास येथे जागा उरत नाही.

आणि सरकारने संख्यावाचनात हात घातला म्हणून राष्ट्र बुडाले, असेही कोठे ऐकिवात नाही. नॉर्वेच्या लोकसभेने १९५१ मध्ये ‘एक-आणि-वीस’ ही जुनी रीत सोडून ‘वीस एक’ ही रीत अधिकृत केली. मागणी कवींची नव्हती, तारायंत्र व दूरध्वनी खात्याची होती, कारण दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळे होत. जुनी रीत घरांतून आजही ऐकू येते. तिला कुणी देशोधडीस लावले नाही.

आता भाषेचा प्रश्न, जो वक्त्यांच्या खऱ्या तळमळीचा विषय होता आणि ज्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे. ‘वीस एक’ शिकलेले मूल जन्मभर वीस एकच म्हणेल, बावन्नकशी सोन्याला पन्नास दोन कशी म्हणेल, छत्तीसचा आकडा त्याला कळणार नाही, ही भीती. मी विचारतो, ‘क ला काना का, म ला वेलांटी मि’ असे आपण सारे किती महिने म्हणत होतो? तशी बोली कुणाच्या तोंडी राहिली? एखाद्या आजीने कधी तक्रार केली काय, की शाळेत गेल्यापासून नातू ‘काका’ म्हणत नाही, ‘क ला काना का, क ला काना का’ म्हणतो? अक्षर फोडून दाखविणे ही शिकण्याची पायरी आहे हे आपल्याला उपजतच समजते. मग संख्या फोडून दाखविली की भाषेचा खून कसा होतो? साठ तीन म्हणजेच त्रेसष्ट, हे मुलाला एकदा उमगले की त्रेसष्ट हा शब्द त्याच्या ओठी राहतोच, कारण बाजारात, घरात, गोष्टीत तोच त्याच्या कानी पडतो. माझ्या मुलांना मी दोन महिन्यांनी पुन्हा नुसते ‘त्रेसष्ट’ सांगितले तेव्हा आठांपैकी सातांनी ६३ लिहिले. आठवा त्या दिवशी आला नव्हता.

एक हरकत मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि आश्चर्य असे की ती वक्त्यांनी घेतलीच नाही. मराठीत ‘वीसएक माणसे’ म्हणजे सुमारे वीस माणसे. ‘पन्नासएक रुपये’ म्हणजे मोजून एकावन्न नव्हेत. तेव्हा एकवीस, एकतीसपासून एक्याण्णवपर्यंत ज्या आठ संख्या एकावर संपतात, तेथे नवी रीत आपल्याच भाषेच्या एका सुंदर लकबीवर जाऊन आदळते. माझ्या वर्गात मी ‘वीस आणि एक’ म्हणतो. एका उभयान्वयी अव्ययाने तंटा मिटतो. पुस्तकातही तशी तरतूद व्हावी अशी माझी सूचना आहे, आणि वक्त्यांनी तिला अनुमोदन दिल्यास मला आनंद होईल. शिवाय शिक्षक व पालक यांना चार शब्द अधिक, आणि आधी, सांगितले असते तर अर्धी थट्टा जन्मालाच आली नसती, हेही खरे.

पण कैफियत लिहिताना स्वपक्षातील उतावळ्यांनाही दोन शब्द सुनावल्याखेरीज मला स्वस्थता वाटणार नाही. वीस एकच्या समर्थनार्थ त्या वेळी आणि नंतरही जे बोलले गेले त्यांत एक सूर असा होता की पाठांतर हीच मुळात मागासलेली गोष्ट, समजले की पुरे, बाकी सारे यंत्रात सापडते. हे ऐकून वक्ते संतापले असतील तर ते योग्यच. कार्यस्मृतीची ओटी लहान आहे म्हणूनच कोठार भरलेले असावे लागते. ज्याला सात-आठे छप्पन्न तोंडपाठ नाही त्याची सारी ओटी सात आठ वेळा मिळविण्यातच भरून जाते, आणि उदाहरण काय विचारते आहे ते धरून ठेवण्यास जागा उरत नाही. समजुतीला पाठांतर शत्रू नसून तिच्या पायाखालची जमीन आहे. आणि त्या पाठांतराची जी रीत आपल्या आजोबांनी चालविली, तिला हसण्याचा अधिकार आजच्या मानसशास्त्राने कुणालाही ठेवलेला नाही.

परवचा हा शब्द आताच्या मुलांना सांगावा लागतो. दिवेलागणीला, शुभंकरोती झाल्यावर, पुस्तक मिटलेले असताना, पाढे मोठ्याने म्हणायचे. रोज थोडे, आणि अडखळले की वडीलधाऱ्याने सावरायचे. यांतील मर्म ‘पुस्तक मिटलेले’ या दोन शब्दांत आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांस ७५. आठवड्याने पाहिले तेव्हा पारडे फिरले होते: पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. आठवण्याचा प्रयत्न हाच आठवण पक्की करतो. आणि एका रात्रीत रेटण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे हर्मान एबिंगहाउस याने स्वतःच्याच स्मृतीवर निरर्थक अक्षरसमूह घोकून १८८५ सालीच नोंदविले होते. आमच्या परवचेत या दोन्ही गोष्टी होत्या, आणि ती चालविणाऱ्या आजोबांनी एबिंगहाउसचे नावही ऐकले नव्हते. आषाढी वारीसाठी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाणाऱ्या पालखीत, पाटी कधी हाती न धरलेल्या किती बायाबापड्यांना शेकडो अभंग मुखोद्गत असतात, हे रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकावे. ते अभंग त्यांनी वाचून नव्हे, दर एकादशीला म्हणून पाठ केलेले असतात.

तेव्हा वक्त्यांशी माझा तंटा पाठांतराविषयी नाहीच. पाठ करण्यापूर्वी मुलाला वाट दाखवावी की नाही, एवढ्याच मुद्द्यावर आहे. आणि संख्यावाचक शब्दांविषयी त्यांना खरोखरच कळवळा असेल तर माझी विनंती आहे की त्यांनी आपला मोर्चा दुसऱ्या दाराकडे वळवावा. आकुर्डीच्या मंडईत भाजीवाली ‘एकोणसत्तर झाले’ म्हणते आणि प्राधिकरणातला बारा वर्षांचा मुलगा आईकडे पाहून ‘म्हणजे किती?’ असे विचारतो. आई म्हणते, ‘सिक्स्टी नाइन.’ त्या मुलाने वीस एक कधी ऐकलेले नाही. त्याच्या शाळेत बालभारतीचे ते पुस्तकच नाही. व्याख्यान संपल्यावर मी स्वतः वक्त्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक मागितला, तेव्हा त्यांनी तो मला ‘नाइन एट डबल टू’ असाच सांगितला, आणि मीही मुकाट्याने तसाच लिहून घेतला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची केवढी दौलत आपल्याजवळ होती! १ एप्रिल १९५७ रोजी आणे जाऊन नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-पायली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ही दौलतही बिनबोभाट गेली. तिच्यासाठी सभा भरल्याचे मला आठवत नाही.

वक्तेमहाशय, आपला क्रमांक माझ्यापाशी आहे, पण पत्र जाहीर लिहिलेले बरे. मंगळवार व शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, यमुनानगरात माझ्या घराच्या ओसरीवर वर्ग भरतो. आपण यावे, मुलांना संख्या सांगाव्यात, प्रथम आपल्या रीतीने आणि मग माझ्या, आणि पाट्या स्वतः तपासाव्यात. निवाडा जो निघेल तो मला मान्य. त्यानंतर दिवे लागले की परवचा होते. तेथे आपली खरी गरज आहे, कारण दिडकीपर्यंत मी कसाबसा जातो, औटकी मला येत नाही.